खुशालरावांचा जबडा

"आता तुम्ही तोंड उघडा, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

खुशालराव गोंधळले. वलगावचा झेंडूचा तोडा सोडून ते अकोल्याला आले होते ते दामिनीसाठी. त्यांची सतरा वर्षांची पोर. खालचा जबडा दोन्हीकडून फुगत चालला होता, दात सरकले होते, घास चावता येईना.

"मले काई नाई झालं, मॅडम. लहानपनी बैलानं मारलं होतं, तवापासून हाडूक जाड हाये."

तरी बाईंनी त्यांचाही एक्स-रे काढायला लावला. दोन्ही फिल्म शेजारी शेजारी उजेडावर लागल्या. दामिनीच्या जबड्यात कापसाच्या फुटलेल्या बोंडांसारखे पांढरे गोळे होते. खुशालरावांच्या जबड्यातही तसेच, फक्त लहान.

"हा कॅन्सर नाही. पण अशी गाठ क्वचितच दिसते. पिढीतून येते. तुमच्याकडून तिला आली."

 खुशालरावांना त्यांची माय आठवली. जेवताना ती तोंडावर पदर धरायची.

"मंग मले कावून नाई वाढली? पोरीलेच कावून?"

"ते आम्हालाही सांगता येत नाही. कुणाची थांबते, कुणाची वाढत जाते. हिची गाठ नुसती खरवडून भागणार नाही. पुढचा जबडाच काढावा लागेल. पायाचं हाड घेऊन नवा बसवू."

बाहेर बाकावर ते हुंदके देऊ लागले.

"कावून रडून राहिले, बाबा?" दामिनी म्हणाली. "मले त बरं वाटून राहिलं. लोकं म्हनत, देवीचा कोप हाये. कोप नोयता. तुमचंच हाये."



ऑपरेशनला सकाळी आत नेलेली पोर दिवे लागले तरी बाहेर आली नव्हती. डॉक्टरीणबाई ट्रे घेऊन आल्या. काढलेलं नातेवाइकांना दाखवायची तिथली रीत होती. दगडासारखं ओबडधोबड हाड, आणि दात त्यात तसेच रोवलेले. समोरचा तिरका दात खुशालरावांनी ओळखला. दुधाचा पडून तो हिरडीतून वर आला, तेव्हा दामिनीनं त्यांच्या मांडीवर बसून तो दाखवला होता. 

पुढं काही दिवसांनी त्यांना तिच्या खाटेजवळ जाऊ दिलं. गळ्यात नळी, तोंड सुजलेलं, बोलता येत नव्हतं. तिनं खुणेनं त्यांना वाकायला सांगितलं. मग बोटांनी त्यांचा जबडा दोन्हीकडून हळूच चाचपला आणि भुवया उंचावल्या.

"नाई दुखत, माय," खुशालराव म्हणाले.

तिनं हात काढला नाही. तेही वाकलेलेच राहिले.