दांड्यावरची खूण

काकांनी तोफ हॉटेलवाल्याला कबूल करून टाकली होती. तोंडात सिमेंट भरून ती गेटापाशी ठेवायची, म्हणजे पाहुणे शेजारी उभे राहून फोटो काढतील. तळ्यावरच्या होड्यांच्या शर्यती इतकी वर्षं त्याच छोट्या तोफेच्या बारावर सुटत आणि बार बाबा भरत. ते गेले, आता भोंगा वाजवू, असं काकांचं म्हणणं. तोफेची अवजारं त्यांनी आधीच भंगारात घातली होती.

"बार मी भरेन," मी म्हटलं.

"कशाने? लाटण्याने?"

काकूला हसू आलं. मी बाबांच्या वर्कशॉपची किल्ली उचलली.

दारू ठासायच्या दांड्याचं लाकडी डोकं लेथवर घडवलं. पहिलं नळीत घट्ट बसलं. बाबा असते तर विचारलं असतं, बुटात पाय कोंबतेस का? दुसरं सैलसर गेलं. नळी पुसायच्या पुसणीला मेंढीचं कातडं, लोकर बाहेर. कातडं ठोकायच्या चुका तांब्याच्या; लोखंडाची ठिणगी पडते, हे मला पाढ्यांआधी पाठ होतं. अडकलेली भरणी ओढून काढायला तांब्याच्या तारेचा पिळदार आकडा केला.

मग खूण. दांडा बाहेरून नळीवर धरायचा, डोकं मागे बत्ती द्यायच्या भोकाशी, आणि तोफेच्या तोंडापाशी रेघ कोरायची. नळी रिकामी असेल तर दांडा त्या रेघेपर्यंत आत जातो.

मी दांडा आत सोडला. रेघ चार बोटं बाहेर राहिली.

माप चुकलं असेल, असं तोफ बघायला आलेले काका म्हणाले. मी पुन्हा धरलं. तेवढंच. तेव्हा दोघांनाही एकदमच आठवलं. गेल्या शर्यतीच्या सकाळी बार भरून झाल्यावर बाबांच्या छातीत कळ आली होती. ते परत घरी आलेच नाहीत, आणि तो बार तसाच आत राहिला.

काकांनी तोफेवर हात ठेवला. मग त्यांचा आवाज बदलला.

"दादाच्या हातचा शेवटचा बार आहे. उडू दे तो."

"नाही."

"बापाचा एवढा मान ठेव, पोरी."

"मानच ठेवतेय. शिळा बार उडवायचा नाही. स्वतः त्यांनी भरलेला असला तरी नाही, असं तेच सांगायचे."

मी भोकातून आणि तोंडातून पाणी ओतलं. दारू पुरती भिजू दिली आणि बाजूला उभी राहून आकडा फिरवला. आधी कागदाचा बोळा आला: वर्तमानपत्रातलं शब्दकोडं, बाबांनी अर्धंच सोडवलेलं. मग काळा चिखल. माझे हात मनगटापर्यंत काळे झाले. बोळा तेवढा मी बाकावर वाळत ठेवला.

"याच्यावर सिमेंट ओतणार होतात तुम्ही," मी म्हटलं.

मी ओली पुसणी फिरवली, मग कोरडी. दांडा आत सोडला. तळाला टेकल्याचा आवाज आला. रेघ तोंडाला बरोबर लागली.

"हॉटेलवाल्याला काय सांगू?" काकांनी विचारलं.

"सांगा, भोंगा ठेव गेटावर."