ज्वारीच्या वाट्याचं पाणी

मोटरच्या स्टार्टरचं हिरवं बटण अंगठ्याखाली गार लागलं तेव्हा भीमराजच्या लक्षात आलं — अरे, पाणी द्यायचं कशाला? आज पाण्याची पाळी आपली, हे खरं. पण यंदा वावरात गहू नाही, ज्वारी आहे, आणि ती सोयाबीनमागच्या ओलीवरच कणसात आली आहे. आता पाणी सोडलं तर वाऱ्यासरशी आडवीच व्हायची. इतक्या वर्षांची गव्हाची सवय; पाय आपले आपणच विहिरीकडे निघाले होते. त्याला स्वतःचंच हसू आलं.

तो वाकून विहिरीत पाहू लागला. फेब्रुवारीत पाणी इतकं वर... गव्हाच्या वर्षी एव्हाना तळ दिसायचा, आणि मग उन्हाळाभर म्हशीसाठी गावातून पाणी वाहून आणायचं. एक पोळी ताटात येईपर्यंत किती पाणी पिऊन येते, हा हिशेब आपल्याला आजवर कधी सुचलाच नव्हता. यंदा तो करून ज्वारी पेरली, तर गावानं पेरणीलाच विचारलं होतं, "गहू सोडून ज्वारी? पाखरायले पंगत वाढतं काय बे?" वाढतो. खाऊ देत. पण हे पाणी माझं आहे, मी राखलेलं... या नुसत्या विचारानं त्याला जेवण झाल्यासारखं वाटत होतं.

"भाऊजी, मोटर नाही लावली?"

दोन वावरांमधल्या धुऱ्यावर कांतावहिनी उभी होती. थोरला भाऊ वारल्यापासून पलीकडचं वावर तीच करते. विहीर सामाईक, आणि घरची रीत अशी की न घेतलेल्या पाळीचं पाणी ज्याचं त्याच्याच नावावर विहिरीत राहतं; दुसऱ्यानं ते मागायचं नाही.

"ज्वारीले कायले पाणी, वैनी?"

"हो, ते बी खरं हाय." ती जायला वळली. मागणार नाहीच ती, आणि तेच बरं — असं मनात म्हणता म्हणताच त्याच्या तोंडून निघून गेलं, "गहू दुधावर आला काय?"

"आला. पण वारा लय कोरडा सुटला. माही पाळी येतवरी दाने बारीक पडतीन, वाटते."

ती गेली. भीमराजला राग आला; तिचा नव्हे, स्वतःचा. काहून विचारलं? न विचारता राहिलो असतो तर निवांत होतो... आता उन्हाळ्यात म्हैस या पाण्याला तोंड लावेल तेव्हा पलीकडचे पिचके दाणे आठवणार. आणि दिलं, तर पुन्हा डोक्यावर हंडे. पाणी होतं तेवढंच होतं, पण त्याला 'माझं' म्हणताना जीभ अडत होती — आणि गंमत म्हणजे, त्याचं त्याला वाईट वाटेना.