पिवळी काच

"थांब बसू, परत एकदा बाहेर जाऊन बघतो," असं दुकानदार बसूला म्हणून सिद्धाराम पुन्हा दुकानाची पायरी उतरला. नाकावर पिवळ्या काचेचा चष्मा, दांडीला किमतीची चिठ्ठी लोंबतेय, आणि साठीला टेकलेला माणूस रस्त्याच्या कडेला उभा राहून रिक्षा, गतिरोधक, गटाराचं झाकण असं एकेक न्याहाळतोय. शेजारच्या चहावाल्याला वाटलं, याचं काहीतरी हरवलंय. त्याचं फारसं चुकलं नव्हतं.

चष्मा बघायला सिद्धाराम मुद्दाम दिवेलागणीला आला होता. बसूनं त्याला दुपारी निवांत यायला सांगितलं होतं, तर म्हणाला, "दुपारी मलाबी दिसतंय की. दुपारचा चष्मा घिऊन काय करू?"

बसूचं सायकलींच्या सामानाचं दुकान. रविवारी हेल्मेट घालून तुळजापूर रोडला सायकली पळवणारी मंडळी त्याच्याकडून असले चष्मे न्यायची. त्यानं काचेवर सगळे मांडले. काळा उन्हातला, म्हणून तो आधीच बाजूला सारला. तपकिरी लावला तर सिद्धारामला रस्त्यावर आणखीच अंधारून आलं. गुलाबीतून रस्ता बरा दिसला, पण आरशात स्वतःचं तोंड बघून त्यानं तो घाईघाईनं काढला. बिनरंगी काचेनं डोळ्याला वारा लागायचा थांबला, एवढंच. आणि मग पिवळा.

"कसं दिसालंय, अण्णा?"

"उजाडल्यागत." सिद्धाराम जरा पुढं वाकला. "त्या झाकणाची कड दिसालीय की रे."

"ढगाळ दिवसाला, सांजेला लोक ह्योच नेतात. पण अंधार तो अंधारच, बरं का. दिव्याचं काम काच करत न्हाय. दुसरा कुठला हवा तर आजची रात घरी निऊन बघा."

"ह्योच दे," सिद्धाराम म्हणाला. त्याला आता दम धरवत नव्हता.

गेल्या महिन्यात त्याच गटाराच्या कडेला तो सायकलीसकट आडवा झाला होता. घरी बायकोला, ईरम्माला सांगितलं, कुत्रं आडवं आलं. डॉक्टरांनी मात्र स्वच्छ सांगितलं होतं, की डोळ्याच्या आतला पडदा झिजलाय, उजेडात निभेल, अंधारात दिसणं कमीच होत जाणार, पहाटेची सायकल बंद करा. सिद्धारामनं तिथं मान हलवली आणि घरी येऊन, "थेंब दिलेत," एवढंच सांगितलं.

पहाटेची सायकल बंद म्हणजे सगळंच बंद. फूलबाजारातून फुलं आणि बेल घ्यायचा आणि उजाडायच्या आत भवानी पेठेतल्या दारोदारी खुंटीला लावलेल्या पिशव्यांत टाकायचा, हे त्याचं उभ्या जन्माचं काम. बाकीच्या घरांचं उशिरानं भागलं असतं. पण गल्लीच्या टोकाला शरणम्मा होत्या. ऐंशी ओलांडलेल्या, घरात एकट्या. लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घ्यायचा नाही आणि लिंगाला बेल आणि पांढरंच फूल, हा त्यांचा नेम. फुलं उशिरा आली तर ती म्हातारी तशीच कोरड्या घशानं बसून राहणार, आणि चकार शब्द बोलणार नाही. रागावली असती तर सिद्धारामला सोपं गेलं असतं.

घरी आल्यावर त्याला एका जागी बसवेना. चष्मा लावून तो मोरीत गेला, मागच्या दारात गेला, माळ्याखाली वाकून आला.

"कुटं मिरवायला निघालाव?" ईरम्मानं विचारलं.

"धूळ जातीया डोळ्यात."

"घरात कुटली धूळ?" ती म्हणाली, आणि त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. त्यानं ताटावर बसायचं निमित्त केलं.

पहाटे सायकल काढली तेव्हा पायडलवर पाय ठेवण्याआधी त्यानं चष्मा दोनदा पुसला. पण रस्त्याला लागला आणि जीव भांड्यात पडला. दिव्यांच्या उजेडात खड्ड्यांच्या कडा दिसत होत्या, निदान त्याला तसं वाटत होतं. फूलबाजारात त्यानं शेवंती घेतली, पांढरी आणि पिवळी, रोजच्यासारखी टोपलीच्या दोन बाजूंना. पुढं एका वळणावर रिक्षा अंगावर आल्यासारखी आली, सायकल कलंडली, टोपलीतली फुलं एकमेकांत मिसळली. तो पडला नाही. नुसता पाय टेकला आणि दिव्याच्या उजेडात सवयीच्या हातानं फुलं पुन्हा निवडून लावली. त्याला स्वतःचं एवढं कौतुक वाटलं, की पुढच्या पिशव्या भरताना तो चक्क गुणगुणत होता. शरणम्मांच्या खुंटीला तर तो अगदी वेळेवर पोचला.

घरी परतला तेव्हा फटफटीत उजाडलं होतं. सायकल भिंतीला लावून त्यानं चष्मा काढला, घाम पुसला आणि टोपलीत बघितलं. उरलेल्या ओंजळभर फुलांत पांढरी होती तशीच पिवळीही होती. तो बघतच राहिला. मग चष्मा पुन्हा डोळ्याला लावला. टोपलीतली सगळी शेवंती पिवळी झाली.

दुकानात त्यानं रस्ता बघितला होता, झाकण बघितलं होतं. चष्म्यातून फूल बघायचं त्याला सुचलंच नव्हतं. फुलं विकण्यात जन्म घालवलेल्या माणसाला! त्याला स्वतःचा इतका राग आला, की चष्मा आपटावासा वाटला. त्यानं तो खिशात कोंबला, पांढरी फुलं वेचून पानात बांधली आणि आल्या पावली निघाला.

शरणम्मांचं दार उघडं होतं. त्या पूजेच्या पाटाशी बसल्या होत्या. समोर ताटात बेल होता आणि त्याच्या बाजूला पिवळी शेवंती, तशीच न वाहिलेली. चूल थंड होती.

"अव्वा, फुलं चुकली," सिद्धाराम दारातूनच म्हणाला.

"ये की आत. मला वाटलं, तुला बरं न्हाय का काय."

खरं सांगायचं तो ठरवून आला नव्हता. पण त्या थंड चुलीकडे बघून त्याच्यानं खोटं बोलवेना. "अंधाराचं दिसत न्हाय, अव्वा. डॉक्टरनं सायकल बंद कर म्हनलंय. चष्मा घेतला, तर त्यात पांढरं पिवळं एकच दिसालंय."

शरणम्मांनी फुलं हातात घेतली. "मग उजाडल्यावर येत जा. मी बसते की."

"कशावर बसता? पान्याचा घोटबी न घेता?" तो म्हणाला. बोलता बोलताच त्याला कळलं, की महिनाभर ज्याच्यापासून तो पळत होता ते हेच होतं, हे घर सोडणं. "न्हाय अव्वा. तुमच्या घरची फुलं मी दुसऱ्याकडं देतो. बाजारात भला मानूस हाय एक, फुलंच घालतो. त्येला समदं सांगतो, पांढरंच फूल, उजाडायच्या आत. बाकीची घरं उजाडल्यावर करीन, चालत."

शरणम्मांनी ताटातली पिवळी शेवंती बाजूला काढली. मग म्हणाल्या, "बस. पूजा आटपते, च्या ठेवते. इतकी वर्सं दारात येतोस, आत कदी आलास?"

तो भिंतीला टेकून बसला. पूजा झाली, चूल पेटली. पहिला घोट शरणम्मांनी घेतला तेव्हा कुठं त्यानं आपला कप उचलला. चहा चांगला होता.

निघताना त्यानं रिकामी पिशवी मागून घेतली आणि दाराबाहेरच्या खुंटीला अडकवली. मग पुन्हा काढली, तिचे बंद झटकून सरळ केले, तोंड उघडं ठेवलं आणि जरा पुढं ओढून लावली. उद्या येणाऱ्या माणसाला अंधारात चाचपडावं लागू नये.