शेंदूर फासलेला बुडव्या

मी एक जुना दगडी राक्षस आहे. देगलूरकडच्या एका गावात, पायऱ्यांच्या बारवेत, पाण्याच्या काठाशी, शेकडो वर्षं जबडा वासून बसलो आहे. मला बुडव्या म्हणतात. मित्रांनो, मी आजवर कुणालाही गिळलेलं नाही. गिळतं ते पाणी. पण पाण्याला चेहरा नसतो. वरून ते गार नि निवांत दिसतं. पोरं बुडू लागली तेव्हा एका पाथरवटाने आयांची भीती माझ्या तोंडावर कोरली. सुळे दिले, बटबटीत डोळे दिले. पोरं पाण्याला नव्हे, मला भ्यायची आणि जगायची.

दर उन्हाळ्यात बारवेची निगा राखणारा मलप्पा माझ्या डोळ्यांना, सुळ्यांना चुना लावायचा. "लई भेसूर दिसून राहिलास, शाब्बास!" म्हणायचा. अशी शाबासकी मला दुसऱ्या कुणी दिली नाही.

गेल्या वर्षी मलप्पा गेला. चुना उडाला. भीती नकोशी झाली की माणसं तिला फोडतात, नाही तर तिचा देव करतात. गावातल्या म्हाताऱ्या सिद्रामप्पाने मला शेंदूर फासला. सुळे बुजले. बुडव्याचा बुडवेश्वर झाला! पायऱ्यांवर तेल सांडू लागलं, पोरं प्रसादासाठी खाली उतरू लागली. एका सकाळी सिद्रामप्पाचीच नात दिपाली घसरून पाण्यात गेली. मोटारी दुरुस्त करणाऱ्या रियाजने उडी मारून तिला काढलं.

"देव कोपला. मोठी पूजा घालू," सिद्रामप्पा म्हणाला.

मलप्पाची मुलगी सुकन्या वर्षश्राद्धासाठी नांदेडहून आली होती. घमेल्यात चुना कालवून ती आली आणि शेंदूर खरवडू लागली.

"पोरी, पाप लागंल!"

"लागू द्या, काका. मला लागंल. तुमची नात तर वाचंल."

"आन् देव?"

"ह्यो देव न्हाई, राक्षस हाय. माझ्या अप्पांनी राक्षसच ठेवला होता."

"बापावर गेली," कुणीतरी पुटपुटलं.

तिने मनगटाने डोळे पुसले.

"चुना गेला का गं डोळ्यात?"

"हाव," ती म्हणाली, आणि माझा दुसरा सुळा रंगवू लागली.

सिद्रामप्पाने दिपालीला वरच्या पायरीशी आणलं. मला बघून ती किंचाळली, आजोबांच्या धोतरात शिरली. त्याने तिची समजूत काढली नाही. "गिळतो त्यो," एवढंच म्हणाला.

मित्रांनो, राक्षस खोटे म्हणून खुशाल हसा. पण ते कशाच्या काठावर बसलेत, तेवढं आधी बघा. मला फोडू नका. माझ्यापुढे हातही जोडू नका. मला बघा, आणि मागे फिरा.