कापलेला परिच्छेद

मी एक जुना कीबोर्ड आहे. मित्रांनो, माझ्या कंट्रोल, सी, एक्स आणि व्ही या कळांवरची अक्षरं पार पुसली गेली आहेत. क्यू मात्र कोरा करकरीत. काम करणाराच झिजतो, दुसरं काय!

कारखान्यातून निघालो तो थेट टायपिंगच्या दुकानात आलो. दुकानाच्या बाईंचा हात भारी चपळ. सी दाबून नक्कल, एक्स दाबून कापणं, व्ही दाबून चिकटवणं. "बाई, तुमच्या बोटांत जादू आहे!" गिऱ्हाइकं म्हणत. कौतुक बोटांचं, मार मला. चालायचंच.

उचललेला मजकूर क्लिपबोर्डवर थांबतो. पण आमचा क्लिपबोर्ड मोठा विसराळू. नवं आलं की जुनं गेलंच.

एकदा एक म्हातारे शिंपी बहिणीला पत्र लिहून घ्यायला आले. आई वारली तेव्हा त्यांनी तिला कळवलंच नव्हतं. तेव्हापासून बारा वर्षं अबोला. तासभर अडखळत त्यांनी माफीचा लांबलचक परिच्छेद सांगितला. तो वर घ्यावा म्हणून बाईंनी कापला, तेवढ्यात घाईतलं एक गिऱ्हाईक टपकलं. बाईंनी पत्र सेव्ह करून बंद केलं आणि त्याच्या अर्जातला पत्ता उचलून पाकिटावर छापून दिला. मग पत्र उघडून व्ही दाबला. माफीच्या जागी त्या गिऱ्हाइकाचा पत्ता उमटला!

कंट्रोल-झेडही दाबून पाहिलं. पण फाइल मध्ये बंद झालेली, मजकूर काही परत येईना. बाई रडकुंडीला आल्या. "काका, चुकलं हो माझं. पुन्हा सांगता का?"

"आता कुठलं आठवतंय!" शिंपीकाकांनी मान हलवली. मग म्हणाले, "जाऊ द्या. त्यात नुसती कारणंच होती माझी. एवढंच लिहा: ताई, आई गेल्याचं तुला कळवायला हवं होतं. चुकलो मी."

बाईंनी एकेक अक्षर सावकाश दाबलं.

हल्ली मी कपाटावर धूळ खात पडून असतो. तक्रार नाही. मित्रांनो, मागणं एवढंच: कापलेलं आधी जागेवर चिकटवा, मग दुसऱ्या कामाला हात घाला. आणि कधी आमच्यावरून फडकं फिरवा.

हो, ताईंचं सांगायचं राहिलंच. पंधरा दिवसांनी एक म्हाताऱ्या बाई काठी टेकत दुकानात आल्या. पाकिटावरचा दुकानाचा शिक्का दाखवत म्हणाल्या, "हे पत्र तुम्हीच लिहिलंत ना? मग माझ्या भावाच्या घराचा रस्ता तेवढा दाखवा. बारा वर्षांत सगळ्या गल्ल्या बदलल्यात हो."