एका मिनिटाचं माप

मुलांनो, एक खोली डोळ्यांसमोर आणा. डोळे मिटू नका हं, नाहीतर पुढचं वाचणार कसं? वाचनालयाची मागची खोली. भिंतीला लागून तीन जुने कॉम्प्युटर, इतके जुने की चालू केले की आतला पंखा धापा टाकतो. ते भंगारात निघाले होते. पण भिंगरीचा मामा म्हणाला, म्हातारं माणूस पळत नसलं तरी वाट दाखवू शकतं.

मामाने त्यांत लिनक्स नावाची कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली घातली, जुन्या यंत्राला पेलेल अशी हलकी. मग इकडच्या तिकडच्या सगळ्या वाटा बंद केल्या. आता चालू केलं की एकच पान उघडणार. त्यावर पुस्तकं शोधा, नाहीतर सरकारी अर्ज भरा. खेळ नाही, गाणी नाही. बदल करायचा पासवर्ड एकट्या मामाला ठाऊक.

भिंगरीकडे काम होतं ते मोडून दाखवायचं. घरी ज्याबद्दल धपाटा मिळतो, तेच इथे कौतुकाने. दोन दिवस तिने दिसेल ते बटण दाबलं, पण कुलूप काही हललं नाही. मग तिच्या लक्षात आलं की कोणी अर्ज अर्धवट टाकून उठलं, तर तो पाच मिनिटं तसाच दिसत राहतो. पुढच्याने मागच्याचं सगळं वाचलं तर? मामाने तिची पाठ थोपटली आणि किती वेळ ठेवू म्हणून विचारलं.

“एक मिनिट,” भिंगरी ऐटीत म्हणाली.

मिनिटभर कोणी काही दाबलं नाही, माऊस हलवला नाही, की पान कोरं. तसं ठरलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कोपऱ्यावरचे शिंपीआजोबा आले. दुकानाचा परवाना नवा करायचा होता, आणि आजची तारीख शेवटची. अर्ज गेला नाही तर उद्यापासून दुकानाला टाळं. आजोबा एका बोटाने लिहायचे. जुन्या परवान्यावरचा बारीक आकडा भिंगातून वाचायचे, मग तो बटणांत हुडकायचे. तेवढ्यात पान कोरं. असं तीनदा झालं.

आजोबांना वाटलं, आपणच काहीतरी बिघडवलं. त्यांनी कागदाची घडी घातली. शिलाईचं यंत्र असतं तर उघडून पाहिलं असतं, असं पुटपुटत ते उठले. वाचनालय बंद व्हायला अर्धा तास होता. मामा वायर आणायला गेलेला, फोन उचलत नव्हता. वाचनालयाच्या बाईंनी हात वर केले.

ते मिनिट भिंगरीचं होतं, आणि हे तिच्याशिवाय इथे कोणालाच माहीत नव्हतं. गप्प राहिली असती तरी चाललं असतं. ती आजोबांच्या आडवी जाऊन उभी राहिली.

“आजोबा, ते बिघडलेलं नाही. ते घाई करतंय. आणि ती घाई मी लावलीय.”

आजोबांनी तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं. “म्हणजे माप तू घेतलंस आणि सदरा मला तोकडा झाला.”

“हो. बसा ना परत. तुम्ही कागद बघा, मी माऊस हलवत राहते.”

तिने स्टूल ओढलं, माऊस हातात घेतला आणि आजोबांचा अर्ज दिसू नये म्हणून तोंड खिडकीकडे केलं. टकटक थांबली की ती माऊस हळूच सरकवायची. आजोबा सावकाश, टाका घालावा तसं एकेक अक्षर घालत गेले. पाचाला दहा कमी असताना अर्ज गेला. आजोबांनी पावतीचा नंबर कागदावर उतरवला आणि दोनदा पडताळून पाहिला.

मामा वायर घेऊन आला, तेव्हा भिंगरीने सगळं सांगितलं. मामा गंभीर झाला. म्हणाला, कुलूप मोडायला तुला बसवलं, पण हळू लिहिणाऱ्या माणसाला एकदाही बसवलं नाही, ही चूक माझी. लगेच त्याने पासवर्ड टाकला.

“दोन मिनिटं करू? की तीन?”

भिंगरीने या वेळी आकडा सांगितला नाही. तिने मामाचा चष्मा काढून घेतला, वाचनालयाच्या नियमांचा बारीक अक्षरांचा कागद त्याच्यापुढे ठेवला, एकाच बोटाने लिही म्हणून बजावलं, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ती सेकंद मोजायला लागली.