खंडेनवमीचा भागाकार

धोंडीराम शेठचा अंबडमधला कारखाना म्हणजे एक शेड, थोडी यंत्रं आणि शेठचा आवाज. मी तिथलं स्टोअर सांभाळायचे, त्यामुळे सगळ्यांची भांडणं माझ्या खिडकीवरूनच जायची. २००२ साली शेठनी लोखंड कातणाऱ्या जुन्या लेथला कॉम्प्युटर बसवून घेतला. ते काम केलं तृप्तीनं, नुकत्याच इंजिनिअर झालेल्या आमच्या कारखान्यातल्या पोरीनं. मापं भरली की लेथ आपोआप कापायचा. पण अधूनमधून एखादा जॉब, म्हणजे कापून निघालेला भाग, भलत्याच मापाचा निघायचा, आणि लेथवर असायचा घोटीचा मनोज. हाच आकडे चुकीचे भरतो, असं शेठनी ठरवून टाकलं आणि दसऱ्यानंतर येऊ नकोस म्हणून सांगितलं. चोर सोडून संन्याशाला फाशी! मी फणकारले, पण पुरावा माझ्याकडेही नव्हता.

मनोज तृप्तीला एवढंच म्हणाला, "ताई, मी आकडे बराबर भरतो. माझा हात नाय चुकत."

ती पाठ फिरवून कॉम्प्युटरकडे गेली. मला तिचा रागच आला.

खंडेनवमीला सगळी यंत्रं धुऊनपुसून झेंडूच्या माळा घातल्या. त्या दिवशी हत्याराला कुणी हात लावत नाही. लेथ फिरणार नाही, नुसता कॉम्प्युटर चालू ठेवते, अशी तृप्तीनं शेठची परवानगी काढली आणि त्याला एकच भागाकार पुन्हा पुन्हा करायला लावला. उत्तर चुकलं तरच ते पडद्यावर दिसणार होतं. आरती झाली, पेढे वाटले, आणि पडद्यावर एक चुकीचं उत्तर उमटलं. मग आणखी एक. मनोज तेव्हा पार दाराशी हात जोडून उभा होता.

तृप्तीनं लेथचं तापमान वाचणारा छोटा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, बंद केला. चुका थांबल्या. चालू केला, पुन्हा सुरू झाल्या.

मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नाही, पण तिनं समजेल असं सांगितलं. प्रोसेसरमध्ये दशांशाच्या गणितासाठी वेगळी रजिस्टर्स, म्हणजे आकडे ठेवायच्या जागा, असतात. त्या चुली समजायच्या. चुलीवर लेथच्या प्रोग्रॅमचं भांडं चढलेलं असतं. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा कारभारी. तो घडीघडी मध्ये येतो, आपलं काम उरकतो आणि जातो. दर वेळी भांडी उतरवत-चढवत बसला तर सगळंच रखडेल, म्हणून त्यानं नेमच केलाय की या चुलींना शिवायचं नाही, पूर्णांकांवर भागवायचं. अगदीच चूल लागली, तर आधीचं भांडं नीट उतरवून ठेवायचं आणि जाताना जसंच्या तसं चढवायचं. आमचा ड्रायव्हर मात्र कर्नलच्या आत राहून बिनदिक्कत दशांश वापरत होता, आणि लेथचं अर्धं शिजलेलं गणित सांडत होता. त्या कारभाऱ्याची शिस्त मला भारी आवडली.

"हा ड्रायव्हर लिहिला कुणी?" शेठ गरजले.

"मी," तृप्ती म्हणाली. "मनोजची चूक नाही. माझी आहे."

एवढ्या लोकांपुढे असं म्हणायला छाती लागते. माझा राग कुठल्या कुठे गेला, आणि मला तिचा अभिमान वाटला.

तिनं ड्रायव्हर नव्यानं लिहायला घेतला. साडेसदतीस अंशांऐवजी तो आता तीनशे पंच्याहत्तर धरणार होता, अंशाचे दहा भाग करून. दशांशाचं कामच नाही. दसऱ्याला शेठनी मनोजच्या हातात आपट्याचं पान ठेवलं आणि उद्या वेळेवर ये म्हणाले. शेठची माफी एवढीच असते.

मनोज तृप्तीकडे आला. "ताई, तुमी माझ्यावर इस्वास ठेवला."

"नव्हता ठेवला," ती म्हणाली. "तुझ्यावर नाही आणि माझ्यावरही नाही. म्हणून तर तपासलं."

मनोजनं खिशातलं आपट्याचं पान काढून तिच्या हातावर ठेवलं.

"मंग आता ठेवा," तो म्हणाला.